दारापासून गिरणीपर्यंत

गेल्या वर्षी किंक्रांतीच्या दिवशी, भर दुपारी, केडगावच्या पुढे हमरस्त्याला लागून असलेल्या एका रिकाम्या घराच्या ओसरीत एकवीस हजार रुपये इसार म्हणून दिले गेले. हजर चौघे होतो: घरमालक, घर घेणारे काशिनाथ नाना, त्यांच्या पत्नी गयाकाकू, आणि एजंट म्हणून मी. किंक्रांतीला सहसा कोणी व्यवहार करत नाही. मी नानांना तसं सुचवलंही. ते म्हणाले, "ताई, चांगला मुहूर्त बघून घेतलेल्या दोन म्हशी मेल्या माझ्या. दिवसाचं काय घिऊन बसलात!"

नोटा मोजून होईपर्यंत गयाकाकू आत आल्या नाहीत. फाटकात रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. डावीकडून ट्रक गेला की संपूर्ण मान डावीकडे, उजवीकडून मोटारसायकल आली की संपूर्ण मान उजवीकडे. मी शेजारी जाऊन विचारलं, "काकू, घर आवडलं का?"

"घर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन हितून भाईर कसं पडायचं, त्ये बघती."

मी नगरला घरं दाखवण्याचं काम करते. कागदावर आता अहिल्यानगर लिहिते, तोंडात अजून नगरच येतं. विकत आणि भाड्याने, दोन्ही. सावेडी, केडगाव, भिंगार, बोल्हेगाव, बुरुडगाव रोड, असा शहराभोवतीचा पट्टा माझा. गिऱ्हाईक बहुतेक तालुक्यांतून येणारं: नेवासा, शेवगाव, पाथर्डी, जामखेड. मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी, आणि अलीकडे वाढत्या संख्येने दवाखान्यासाठी.

माझ्या धंद्यातले लोक गिऱ्हाइकाला गाडीत बसवतात, एका तासात चार घरं दाखवतात, वाटेत उसाचा रस पाजतात. मी पायी नेते. घर पसंत पडलं, की टोकन घेण्याआधी माझी एक अट असते: या घराच्या दारातून निघून दूध, दळण, औषधं आणि रिक्षा, या चार ठिकाणी चालत जाऊन यायचं. तेही तुम्ही रोज ज्या वेळेला जाल त्या वेळेला. सकाळी अकराला मोकळा असलेला रस्ता संध्याकाळी सातला तसा नसतो. हातात रिकामी पिशवी घेऊन नाही, भरलेली घेऊन. आमचे हे म्हणतात, "गिऱ्हाईक दमल्यावर नाही म्हणायचं त्राण राहत नाही, म्हणून नेतेस." तसं नाही. उलट माझे निम्मे व्यवहार या चालण्यात मोडतात. पण जे होतात, त्यांतलं कोणी सहा महिन्यांनी फोन करून शिव्या घालत नाही.

चारांतली सर्वांत अवघड परीक्षा दळणाची. दूध घरपोच येतं, औषधं मोबाईलवर मागवता येतात, रिक्षा हात केल्यावर थांबते. पण ज्यांच्या घरी शेतातून बाजरी आणि ज्वारी येते ती माणसं तयार पीठ खात नाहीत. डबा घेऊन जायचं, नंबर लावायचा, गरम पिठाचा डबा कमरेवर घेऊन परत यायचं. वजन घेऊन चालताना रस्त्याचा खरा स्वभाव कळतो. कुठे पायरी आहे, कुठे उघडी गटार, कुठे कुत्रं झोपलेलं असतं आणि त्याला ओलांडावं लागतं.

या हिशेबाने आमच्या उपनगरांची तुलना करायची तर कोणालाच पूर्ण गुण देता येत नाहीत. सावेडीत रस्ते रुंद, झाडं बरी, आणि बऱ्याच ठिकाणी फूटपाथसुद्धा आहे. पण प्रत्येक बंगल्याने गाडी आत नेण्यासाठी फूटपाथवर उतार केलेला. त्यामुळे चालणारा माणूस वर-खाली, वर-खाली करत समुद्रातल्या होडीसारखा जातो, आणि शेवटी वैतागून रस्त्यावर उतरतो. बोल्हेगाव-नागापूरकडे कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की अर्धा तास रस्ता ओलांडायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तर बाकी दिवस चांगला जातो. बुरुडगाव रोडला मोकळे प्लॉट जास्त, म्हणून हवा जास्त आणि कुत्रीही जास्त. केडगावचं जुनं गाव चालायला गोड आहे, पण हमरस्त्याने त्याचे दोन भाग केलेत. ज्या भागात घर, त्याच भागात गिरणी असेल तर उत्तम. भिंगारात जुन्या पेठेच्या गल्ल्या अरुंद, घरं दाटीची, गाडी लावायची पंचाईत. पण गाडी घुसत नाही तिथे माणूस रस्त्याच्या मधोमध चालतो. लष्करी छावणीच्या बाजूला गेलं तर मोठी झाडं आणि शांतता.

मी स्वतः सावेडीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि दूध आणायला स्कूटीवर जाते. हे गिऱ्हाइकांना सांगत नाही.

चालायला नेल्यावर माणूस कळतो. एकदा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आले होते. हयातभर गाडी चालवलेली, पायी चालायची सवयच नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "इथं साइड मिळत न्हाई." मी म्हटलं, "काका, आपण दोघंच आहोत." ते म्हणाले, "तरी पन वळन आंधळं हाय." त्यांना असं घर हवं होतं, जिथून थांबा दिसेल पण हॉर्न ऐकू येणार नाही. सात घरं पाहिली. सातवं त्यांनी घेतलं. खरं कारण मला नंतर कळलं. तिथल्या गच्चीवरून सकाळची पाथर्डी गाडी वळताना दिसते. ते रोज चहाचा कप घेऊन पाहतात, आणि ड्रायव्हर चुकला की वरून सांगतात.

दुसरं एक तरुण जोडपं होतं, दोघंही शिक्षक, सहा महिन्यांची मुलगी. मी त्यांना बाबागाडी घेऊनच बोलावलं. फूटपाथ रस्त्यापासून हातभर उंच, बाबागाडी चढेना. वडिलांनी उचलून वर ठेवली, दहा पावलांवर उतार, परत खाली. मुलीची आई माझ्याकडे बघून हसली, आणि मला वाटलं आता नाही म्हणणार. पण सोसायटीत जिम होती, लिफ्ट होती, घेतलं. पुढे एकदा भाजीच्या गाडीपाशी भेटली. "ताई, हिला गच्चीवर फिरवते," म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, पण मला लागलं. मी आणखी एक घर दाखवायला हवं होतं. त्या आठवड्यात माझ्याकडे नव्हतं, हे खरं. थांबा म्हणायला हवं होतं, हेही खरं.

नानांनी मला थांबा म्हणायला संधीच दिली नाही. केडगावचं ते घर त्यांच्या भाच्याने शोधलेलं. मला बोलावलं ते कागदपत्रं बघायला आणि भाव पाडायला. मी म्हटलं, आधी चालून बघू. नाना म्हणाले, "चालायचं कशाला? गाडी दारात येती. रोडटच हाय."

आमच्याकडच्या शेतकरी माणसासाठी रोडटच या शब्दात किती वजन आहे, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. रस्त्याला लागून असलेल्या शेताला आतल्या शेताच्या दुप्पट भाव. ऊस तोडल्यावर ट्रॅक्टर बांधापर्यंत येणार, भांडण नाही, वाट मागायची नाही. नानांची जमीन सोनईजवळच्या एका खेड्यात, रस्त्यापासून आत. चुलत्यांच्या रानातून वाट मागत त्यांचं आयुष्य गेलं. साखर कारखान्यातली नोकरी करून त्यांनी जे साठवलं, त्यात एकदा तरी रोडटच जागा घ्यायची होती. शेतासाठी बरोबर असलेला हिशेब त्यांनी घराला लावला. तालुक्यातून येणारे दहांतले सात जण हेच करतात. ट्रक दारातून गेला की त्यांना घराची किंमत वाढल्यासारखी वाटते.

आणि घर कशासाठी हवं होतं? काकूंच्या डोळ्यांसाठी. त्यांना काचबिंदू. समोरचं नीट दिसतं, सुईत दोरा ओवतात, पण बाजूचं दिसत नाही, आणि ती बाजू वर्षावर्षाला आत सरकते आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषध टाकून राखायचं आणि तपासणीला वेळेवर यायचं. ही दोघं राहत होती शेतातल्या वस्तीवर. तिथून कुठेही जायचं तर मोटारसायकल. एकदा नाना गाडीवरून पडले, तेव्हापासून तीही बंद. म्हणजे काकू घरातच.

इसार दिला त्या दिवशी मी फाटकातूनच म्हटलं, "नाना, व्यवहार तुमचा. साठेखताला पंधरा दिवस आहेत. त्याच्या आत एक फेरी माझ्याबरोबर करा. गिरणीपर्यंत. फुकट."

फुकट म्हटल्यावर ते कबूल झाले.

दोन दिवसांनी संध्याकाळी पाच वाजता आम्ही तिघं निघालो. काकूंनी कापडी पिशवीत चार-पाच किलो बाजरी आणली होती. गिरणी रस्त्याच्या पलीकडे, समोर दिसत होती. पाटीसुद्धा वाचता येत होती. काकू रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मान डावीकडे वळवली, तोवर उजवीकडून टेम्पो आला. उजवीकडे वळवली, तोवर डावीकडून दोन गाड्या. एक पाऊल पुढे, एक मागे. असं बराच वेळ चाललं. मी मधे पडले नाही. बघू देणं हेच माझं काम.

नानांना राहवलं नाही. त्यांनी काकूंचं मनगट धरलं, दुसरा हात वाहनांपुढे आडवा केला आणि निघाले. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि काहीतरी बोलला. रस्त्याच्या अगदी मध्यावर काकूंनी हात सोडवून घेतला.

"सोडा," त्या म्हणाल्या. "हात धरून काय, सगळी दुनिया ओलांडीन मी. मला एकटीला जायाचंय."

"एकटीला कशाला? मी हाय की."

"तुमी हाय. पन तुमी कुटवर?"

नाना एकाहत्तरचे. आम्ही पलीकडे गेलो, बाजरी दळली, परत येताना मात्र नानांनी हात धरला नाही. तेही काकूंबरोबर तेवढाच वेळ उभे राहिले. शेवटी एका रिक्षावाल्याने थांबून दोघांना जाऊ दिलं.

रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला चहाच्या टपरीवर बसलो. नाना बशीत चहा ओतून तसाच थंड होऊ देत होते. काकूंनी तेव्हा मला पुण्याची गोष्ट सांगितली. मुलगा पुण्याच्या टोकाला, नगर रस्त्याच्या बाजूला मोठ्या सोसायटीत राहतो. त्याने आग्रहाने महिनाभर नेलं होतं.

"चौदावा मजला," काकू म्हणाल्या. "खाली उतरलं की बाग. बागंला गोल रस्ता. गोल गोल फिरायचं अन् वर जायाचं. घान्याला जुंपल्यावानी. समोर देवळाचा कळस दिसायचा, पन मधी रस्ता. त्यो काय मला वलांडता यीना. महिनाभर कळसालाच हात जोडले."

"पोरगं चांगलं हाय," नाना घाईने म्हणाले.

"पोरगं सोन्यावानी हाय. पोराचा काय दोष? रस्ता त्यानं केलाय व्हय?" मग माझ्याकडे वळून, अगदी पूर्ण वळून, म्हणाल्या, "पोरी, माझं म्हननं येवढंच हाय. आत्ता दिसतंय तवर पायाला वाट शिकवून ठिवायची. मंग डोळं गेलं तरी पाय जातील. पन तेच्यासाठी शिकन्यासारकी वाट तर पायजे."

पंचवीस वर्षं मी घरं दाखवते आहे. कोणाला पूर्वेचा दरवाजा हवा, कोणाला किचनला खिडकी. पण वाट शिकायची आहे, म्हणून घर मागणारी पहिलीच बाई. आणि वेळ ठरलेला. जितका उशीर, तितकी शिकायची नजर कमी.

नानांनी गार चहा एका घोटात संपवला. "इसार बुडंल," म्हणाले.

"बुडेल," मी म्हटलं. खोटं कशाला सांगा.

"मंग दावा दुसरं."

सावेडीतलं घर काकूंनी पहिल्याच उतारावर नापास केलं. पायाला कळेना, वर चाललोय की खाली. नानांना मात्र तिथलं पार्किंग फार आवडलं. काकू म्हणाल्या, "गाडी हाय का तुमच्याकडं?" नाना म्हणाले, "न्हाई. पन लावायला जागा आसावी. पाव्हने येत्यात." बोल्हेगावला घर छान, गिरणी याच बाजूला, पण कामगारांच्या मोटारसायकली सुटल्या तेव्हा काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या त्या हलेचनात. त्यांना एक-एक वाहन चालतं. थवा आला की कुठलं कुठे ते कळत नाही.

मग भिंगार. जुन्या पेठेच्या आतली गल्ली, दोन खोल्या, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर, पुढे दोन पायऱ्या. किल्ली शेजारच्या बाईंकडे. नानांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून दोन्ही हात पसरून पाहिले. जवळजवळ दोन्ही भिंतींना लागले.

"ताई, हितं बैलगाडी वळायची न्हाई."

"बैल आहेत का?" काकूंनी विचारलं.

"आता मलाच बैल म्हन."

घर मी पाच मिनिटांत दाखवलं. दाखवण्यासारखं फार नव्हतंच. गिरणी कुठे, ते शेजारच्या बाईंनी सांगितलं: सरळ जायचं, मसाल्याच्या कांडपापाशी उजवीकडे, मग पिंपळ, पिंपळ डाव्या हाताला ठेवून चौथं दुकान. आम्ही तिघं एकदा जाऊन आलो. काकू डाव्या हाताची बोटं भिंतीला लावत चालल्या. कांडपापाशी आम्हाला तिघांनाही शिंका आल्या. "हे बरं हाय," काकू म्हणाल्या. "आंधळ्यालासुदिक कळंल कुटं वळायचं त्ये." गिरणीचा आवाज पिंपळापासूनच ऐकू येत होता.

परत दारात आल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुमी दोगं हितं बसा. मी एकली जाती."

नाना उठले. मी त्यांना सदरा धरून खाली बसवलं. हेही माझ्या कामात येतं.

जाऊन-येऊन दहा-पंधरा मिनिटांची वाट. पंधरा मिनिटं झाली, आल्या नाहीत. वीस झाली. नानांचं चप्पल घालणं-काढणं तीनदा झालं.

"ताई, जाऊन बघतो. लांबूनच बघतो."

"त्यांना कळेल."

"बाजूचं दिसत न्हाई तिला."

"म्हणून तर जाऊ नका."

ते चप्पल काढून परत टेकले. थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागले. "लगीन झालं तवापासून पुडं मी, मागं ही. बाजारात, जत्रंत, दवाखान्यात. कदी मागं वळून बघितलं न्हाई, येतीय का म्हनून. येनारच, म्हनून. आता ती पुडं गेली तर जीव थाऱ्यावर न्हाई माझा." मग डोळे पुसून म्हणाले, "मिरचीनं. लई झोंबती हितली हवा." कांडप पार त्या टोकाला होतं.

अर्ध्या तासाने काकू आल्या. पण गेल्या त्या बाजूने नाही, उलट्या बाजूने. घामाघूम, पदर खोचलेला, चेहरा मात्र बाजार जिंकून आल्यासारखा.

"कुटं हुतीस?" नाना ओरडलेच.

"चुकले."

"चुकली? बघा, ताई! चुकली म्हनती!"

"पिंपळापासून भलतीकडंच वळले. मंग तीन जनींना इचारलं. एक म्हनली, उजवीकडं. एक म्हनली, कुनाच्या तुमी? तिसरी म्हनली, च्या घ्या. च्या घेतला. मंग तिनं खिडकीतनं हात काडून वाट दावली."

"आगं पन चुकलीस की!"

"चुकले, अन् चुकून परत आले," काकू म्हणाल्या. "त्येच बघायचं हुतं मला. केडगावला चुकले आस्ते तर परत आले आस्ते का?"

नाना उठले, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "मालकाचा फोन लावा."

मी चार फेऱ्यांचं एवढं शास्त्र बांधलं होतं. दूध, दळण, औषधं, रिक्षा. त्यात वाट चुकणं कधी धरलंच नव्हतं. आता धरते. घर पाहायला आलेल्या माणसाला मी मुद्दाम एका वळणावर एकटं सोडते आणि परत कसा येतो ते बघते. फोन काढून नकाशा बघू लागला तर म्हणते, तो खिशात ठेवा आणि कोणाला तरी विचारा. विचारायला माणूसच भेटला नाही, तर तो रस्ता कितीही रुंद असो, मी त्याला चालण्याचा रस्ता म्हणत नाही.

केडगावच्या मालकाकडे मीच गेले नानांबरोबर. इसार बुडतो हा आमच्या धंद्यातला सर्वमान्य नियम, आणि तो परत मागायला मला तोंड नव्हतं. नानांनी कारण सांगितलं, काहीही न लपवता. मालक भाड्याने टेम्पो चालवणारा. बराच वेळ किल्लीने टेबल वाजवत बसला, मग म्हणाला, "दहा दिवस घर अडकलं माझं. एक गिऱ्हाईक परत गेलं. पाच हजार माझे, बाकीचे घ्या." नाना म्हणाले, "बरोबर हाय." दोघांनी हात मिळवले. मी इतका सरळ मोडलेला व्यवहार दुसरा पाहिला नाही.

पाडव्याच्या आधी ते भिंगारला राहायला आले. पहिला महिना नाना रोज बरोबर जात. मग काकूंनी त्यांना पिंपळापर्यंतच यायची परवानगी दिली. मग कांडपापर्यंत. मग दारात बसा म्हणाल्या. एकटं जायला लागल्यावर अडचण निघाली ती पायऱ्यांची. गल्लीतल्या घरांच्या पायऱ्या कुठे हातभर, कुठे वीतभर रस्त्यावर आलेल्या, काळ्या दगडाच्या. खालच्या बाजूचं काकूंना दिसत नव्हतं. एका पायरीने दोन आठवड्यांत दोनदा नडगी फोडली. तिसऱ्यांदा त्या हळद दाबून चार दिवस घरात बसल्या. नानांनी मला फोन केला. आवाज असा, की मी स्कूटी काढून लगेच गेले. माझ्या मनात आलं, आपण वाट निवडली आणि पायऱ्या मोजल्या नाहीत.

काकू म्हणाल्या, "पायऱ्या काय तू बांदल्यास? बस, च्या टाकती."

मार्ग नानांनी काढला. कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. तिथे उसाच्या गाडीचं चाक बरोबर काट्यावर चढावं, म्हणून दोन्ही कडांना पांढरा पट्टा मारलेला असतो. पहाटेच्या धुक्यातसुद्धा गाडीवान चुकत नाही, असं ते सांगत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि दारादारात जाऊन विचारलं, "पायरीच्या कडंला रंगाचा पट्टा मारू का? आमच्या मंडळीला दिसत न्हाई."

सगळ्यांनी हो म्हटलं. एकच म्हातारे शिंपीकाका अडले. "पांढरा नको. चार दिवसांत मळतो. मारायचा तर पिवळा मारा."

"पिवळा तिला दिसतो का, इचारतो," म्हणून नाना घरी आले. शिंपीकाकांच्या पायरीवर पिवळा आणि शेजारच्या पायरीवर पांढरा, असे दोन पट्टे मारून काकूंना मधोमध उभं केलं. सगळी गल्ली बघायला जमलेली. काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"पांढरा दिसतो," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पिवळा मातुर वरडतोय."

शिंपीकाका आठवडाभर त्या विजयावर होते. त्यांच्या दारापर्यंत पोचेतो निम्म्या गल्लीला पांढरा लावून झाला होता. तो सगळा पुन्हा पिवळा करावा लागला. नानांची कंबर धरली, तेव्हा शेवटच्या सहा पायऱ्या शेजारच्या बाईंनी आणि मी मारल्या. माझा पट्टा थोडा वाकडा आहे. काकूंना चालतो.

हा व्यवहार असा मिटला. केडगावच्या घरमालकाला, इसारापोटी, पाच हजार. भिंगारच्या मालकाला घराची पूर्ण किंमत, खरेदीखताच्या दिवशी. मला दलाली एक टक्का, म्हणजे अठरा हजार. नानांनी पांढऱ्या रंगाचे पैसे दिले, पिवळ्याचे मी. आणि पिवळे पट्टे मारून झाले त्याच आठवड्यातल्या शनिवारी, बाजरी दळल्याचे चाळीस रुपये गिरणीवाल्याला: गयाकाकूंनी, एकटीने जाऊन, रोख.